खोली कुठून मोजायची?

उल्हासनगरच्या कॅम्प २ मधून बारवी धरणाला जायचं तर बदलापूरची गर्दी ओलांडावी लागते, एवढाच काय तो त्रास. पुढचा रस्ता मोकळा आहे. इकडच्या शहरांच्या नळांना येणारं बरंचसं पाणी याच धरणातून सुटतं. ते बारवी नदीतून उल्हासमध्ये उतरतं, तिथून उचललं जातं, जांभूळसारख्या केंद्रात शुद्ध होतं आणि मग घरोघरच्या टाक्यांमध्ये चढतं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एमआयडीसीने, १९७२ च्या सुमारास कारखान्यांसाठी बांधलेलं हे धरण आज लाखो माणसांची तहान भागवतं.

तलावांत बुडालेली जहाजं हा विषय बारवीपासून सुरू करणं जरा आगाऊपणाचंच आहे, कारण बारवीत जहाज नाही. तळाशी शेतं आहेत, विहिरी आहेत, जुने रस्ते आहेत, घरांची जोती आहेत. मात्र पाण्याखालच्या कुठल्याही गोष्टीकडे जाणाऱ्या डायव्हरला दोनच प्रश्न पडतात: नेमकं कुठे, आणि किती खोल? दोन्हींची उत्तरं आकड्यांत मिळतात, म्हणून ती पक्की वाटतात. ती किती कच्ची असू शकतात हे समजायला बारवीइतकी सोयीची जागा नाही.

बारवीची भरलेली पातळी पूर्वी ६८.६० मीटर होती. उंची वाढवल्यावर ती ७२.६० मीटर झाली. हे आकडे समुद्रसपाटीपासूनचे आहेत. धरणाच्या तळापासूनचे नाहीत आणि एखाद्या बुडालेल्या देवळाच्या पायरीपासूनचेही नाहीत. २०१९ च्या पावसाळ्यात पाणी नव्या पातळीपर्यंत चढलं. तोंडली, काचकोली, मोहघर अशा मुरबाड तालुक्यातल्या गावांची नावं तेव्हा पुनर्वसनाच्या बातम्यांमधून सारखी येत होती. आता असं समजा, की जुन्या पातळीच्या वेळी कुणी वहीत लिहून ठेवलं होतं, ‘धरण भरलेलं असताना विहिरीचा काठ १८ मीटरवर’. विहीर जागची हललेली नाही, तळही नाही. तरी आज तोच काठ भरल्या धरणात २२ मीटरवर आहे.

चार मीटर म्हणजे काय मोठं, असं काठावर बसून वाटतं. डायव्हरसाठी तो हिशेबच बदलतो. हौशी डायव्हिंगमध्ये सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या तक्त्यांपैकी एका तक्त्यानुसार पहिल्याच डुबकीत १८ मीटरवर ५६ मिनिटं राहून, वाटेत सक्तीचे थांबे न घेता वर येता येतं. २२ मीटरवर ही मुदत ३७ मिनिटांवर येते. ३० मीटरवर २० मिनिटं आणि ४० मीटरवर अवघी ९. कारण खोलीबरोबर दाब वाढतो, दाबाबरोबर श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मांसात अधिक विरघळतो, आणि मुदतीपेक्षा जास्त थांबून भरकन वर आलं की तोच नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतो. सांधे दुखण्यापासून पाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. शिवाय १८ मीटर ही पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राची शिफारस केलेली मर्यादा आहे. म्हणजे त्या काल्पनिक विहिरीचा काठ जुन्या बारवीत नवशिक्याच्या आवाक्यात होता, नव्या बारवीत तो नाही.

हवेचंही तसंच. वर आपण मिनिटाला २० लिटर हवा घेत असू, तर ३० मीटरवर चार पट दाबामुळे तेवढ्याच श्वासांना ८० लिटर लागते. बारा लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरलेला असला तर त्यात २,४०० लिटर हवा मावते. त्यातली पन्नास बार राखीव ठेवायची, म्हणजे उरली १,८०० लिटर. तळाशी जेमतेम बावीस मिनिटं, आणि त्यातच वर येण्याचा वेळही काढायचा. घाबरलेला माणूस मिनिटाला वीस लिटरवर भागवत नाही, हे वेगळं सांगायला नको.

(बारवी हे पिण्याच्या पाण्याचं धरण आहे आणि पाणी ठरावीक पातळीवर गेलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडतात. तिथे हौसेखातर उतरायचं नाही. इथे ते कागदावरच्या गणितापुरतं घेतलं आहे.)

खरोखरची जहाजं बुडालेले तलाव पाहायचे तर अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या पाच महासरोवरांकडे जावं लागतं. तिथल्या तळाशी हजारो जहाजं आहेत. धान्य, कोळसा, लोखंडाचं खनिज आणि लाकूड यांची वाहतूक या सरोवरांतून दीडदोनशे वर्षं धडाक्याने चालली. नोव्हेंबरातली वादळं, धुकं, आगी आणि टकरी यांनी आपला वाटा घेतला. ह्यूरॉन सरोवराचाच भाग असलेल्या जॉर्जियन उपसागराच्या तोंडाशी टोबरमोरी नावाचं गाव आहे. तिथल्या बंदरात ‘स्वीपस्टेक्स’ हे शिडाचं जहाज जेमतेम ६ मीटर पाण्यात बसलं आहे. ते १८६७ साली बांधलं गेलं आणि १८८५ साली बुडालं. काचेच्या तळाच्या बोटीतून पर्यटकांना ते वरूनच दिसतं. १९८७ साली त्या परिसराला कॅनडाने राष्ट्रीय सागरी उद्यान केलं. उद्यान सागरी, पाणी गोडं. पण हा सरोवराचा आकारच असा, की तक्रार करायला जागा नाही.

सहा मीटर हा आकडाही जसाच्या तसा घेऊ नये. मिशिगन आणि ह्यूरॉन ही सरोवरं पाण्याच्या पातळीच्या दृष्टीने एकच मानली जातात. ऑक्टोबर १९८६ मधली त्यांची उच्चांकी पातळी आणि जानेवारी २०१३ मधली नीचांकी पातळी यांत जवळपास १.९ मीटरचा फरक आहे. स्वीपस्टेक्सवर किती पाणी आहे या प्रश्नाला म्हणूनच ‘कधी?’ असा उलट प्रश्न विचारावा लागतो. तिथले नकाशे खोली सांगताना दोन्ही देशांनी ठरवलेल्या १९८५ च्या एका आधार पातळीचा हवाला देतात. त्या दिवशी पाणी तिच्यापेक्षा किती वर-खाली आहे, ते ज्याचं त्याने पाहून बेरीज-वजाबाकी करायची.

दुसऱ्या टोकाला ‘एडमंड फिट्झजेराल्ड’. लोखंडाचं खनिज वाहणारं हे २२२ मीटर लांबीचं जहाज १० नोव्हेंबर १९७५ च्या रात्री सुपीरियर सरोवरातल्या वादळात दोन तुकडे होऊन बुडालं. २९ माणसं होती, एकही वाचलं नाही. ते ५३० फुटांवर, म्हणजे सुमारे १६० मीटरवर आहे. जहाज उभं केलं असतं तर त्याचं एक टोक पाण्याबाहेर साठ मीटर राहिलं असतं, इतकी ही खोली त्याच्या लांबीपेक्षा कमी. तरीही माणसासाठी ती अफाट आहे. साध्या हवेवर तिथे जाता येत नाही: ५६ मीटरच्या पुढे साध्या हवेतला प्राणवायूच दाबामुळे विषारी ठरू लागतो, आणि नायट्रोजनची गुंगी तर तिसाव्या मीटरपासूनच चढत असते. १९९५ साली टेरेन्स टायसॉल आणि माइक झी हे दोघे हेलियम मिसळलेल्या वायूवर तिथवर गेले. तळाशी मिळालेली मिनिटं थोडी होती, वर यायला लागलेला वेळ तासांत होता. पुढे कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताने परवान्याशिवाय तिथे जाणं बंद केलं. मृतांच्या नातेवाइकांचीही तीच मागणी होती आणि ती रास्त होती.

या दोन टोकांच्या मधली जहाजं डायव्हरांच्या खास आवडीची. मिशिगन सरोवरातलं ‘राउस सिमन्स’ हे शिडाचं जहाज नाताळची झाडं घेऊन शिकागोला निघालं आणि २३ नोव्हेंबर १९१२ रोजी बुडालं. त्यानंतर कित्येक वर्षं मच्छीमारांच्या जाळ्यात सूचिपर्णी झाडं येत राहिली. जहाज सापडलं १९७१ साली, १६५ फुटांवर, आणि खणात रचलेली झाडं तेव्हाही ओळखू येत होती. युरोपात स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्यामधल्या कॉन्स्टन्स सरोवरात ‘जुरा’ ही वाफेवर चालणारी बोट १८६४ च्या फेब्रुवारीत धुक्यात दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली. ती अडतीसेक मीटरवर उभी आहे. दीडशेहून अधिक वर्षं लाकूड टिकतं कसं, याचं उत्तर थंडीत आहे आणि एका गैरहजर प्राण्यात आहे. सरोवरांच्या तळाशी पाणी ४ अंशांच्या आसपास राहतं, आणि लाकूड पोखरणारा समुद्री किडा गोड्या पाण्यात जगत नाही.

आपल्या कोकणातल्या होड्यांच्या मालकांना या किड्याचा प्रताप ठाऊक आहे. उबदार खाऱ्या पाण्यात उघडं पडलेलं लाकूड तो बघता बघता चाळणी करून टाकतो. म्हणून गोव्यातल्या सुंची रीफवर, जिथे दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष नोंदवले, तिथे जहाज असं फारसं नाहीच. तोफा आहेत, हस्तिदंत आहेत, पाणघोड्याचे दात आहेत, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आहेत. खोली तीन ते सहा मीटर, म्हणजे स्वीपस्टेक्सइतकीच. पण एकीकडे अख्खा सांगाडा आणि दुसरीकडे फक्त माल. गोव्याच्याच सेंट जॉर्ज रीफजवळ बुडालेल्या दुसऱ्या एका जहाजाची ओळख पटायला तर कौलं आणि मातीच्या वस्तू उपयोगी पडल्या. त्यांवर बासेल मिशनच्या कारखान्याचा १८६५ सालचा शिक्का आहे. मंगळुरी कौलं किती दूर जात होती हे कोकणातल्या जुन्या घरांनाही माहीत असतं.

लाकूड टिकायचं नाही आणि तलावांत जहाजंही नाहीत, मग महाराष्ट्र-गोव्याच्या गोड्या पाण्यात बुडालेलं पाहायचं ते काय? इथे निसर्गाने म्हणा किंवा पाटबंधारे खात्याने म्हणा, वेगळीच सोय केली आहे. डायव्हिंगचं सामान लागतच नाही. मे महिना लागतो. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, पवना धरणात वाघेश्वर मोकळा होतो, आणि गोव्यात साळावलीच्या जलाशयातून कुर्डी गाव उघडं पडतं, तेव्हा परागंदा झालेले गावकरी तिथे जाऊन उत्सव करतात. हे मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. इटलीत नेमीच्या सरोवरातली कॅलिगुला बादशहाची दोन प्रचंड जहाजं वर काढायला मुसोलिनीच्या सरकारने १९२८ पासून तलावच उपसला होता. जहाजं मिळाली, संग्रहालयात ठेवली आणि १९४४ साली युद्धात जळून गेली. कुर्डीचं पाणी दरसाल आपोआप उतरतं आणि पावसाळ्यात पुन्हा चढतं; त्यात जळण्यासारखं काही उरलेलं नाही.

आता ‘नेमकं कुठे’ या प्रश्नाकडे वळू. बदलापूर स्थानकाचा अक्षांश साधारण १९ अंश १० मिनिटं उत्तर आहे. एका अंशात साठ मिनिटं, म्हणून दशांशात तो १९.१६७ होतो. कुणी घाईत १९ अंश १० मिनिटांचं १९.१० केलं, की तो सात-साडेसात किलोमीटर दक्षिणेला, वांगणीच्या अक्षांशावर जाऊन पडतो. लोकलच्या प्रवाशाला ही चूक पुढच्या स्थानकावर कळेल, पाण्यावरच्या बोटीला कशी कळणार? डायव्हरांच्या यादीत दिलेला आकडा अंश-मिनिटांत आहे, अंश-मिनिटं-सेकंदांत आहे की नुसता दशांशात, हे पाहिल्याशिवाय डिझेल जाळू नये.

दशांशाची घरंही मोजून पाहावीत. अक्षांशाच्या तिसऱ्या घरातला एक आकडा म्हणजे १११ मीटर, चौथ्या घरातला ११ मीटर. तीस मीटर लांबीचं जहाज शोधायला तीन घरं पुरणार नाहीत. उलट सात-आठ घरं देणाऱ्या याद्या पाहिल्या की हसू येतं. बोट नांगरावर उभी असताना झुलते त्याहून बारीक तो आकडा असतो. त्यातून आकडा जुन्या नकाशावरून घेतलेला असेल तर आणखी एक फट राहते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत, तर मोबाइलमधलं जीपीएस १९८४ सालच्या जागतिक प्रणालीवर चालतं. आपल्या भागात या दोहोंत शंभर मीटरांच्या आसपास फरक पडतो. आकडा बरोबर, जहाज मात्र शंभर मीटर पलीकडे.

जीपीएस पाण्याखाली चालत नाही. त्यामुळे शेवटचा टप्पा नेहमी दोरीचा असतो. बोटीवरच्या सोनारने तळाचं चित्र पाहायचं, जहाजाची आडवी सावली दिसली की वजन बांधलेली दोरी सोडायची, वर तरंगता बोया ठेवायचा आणि डायव्हरने त्या दोरीला धरून उतरायचं, त्याच दोरीने वर यायचं. कोळी लोकांना यातला पहिला अर्धा भाग यंत्राशिवाय येत होता. किनाऱ्यावरचं एक टोक डोंगराच्या एका खाचेशी जुळवायचं, दुसरीकडे देवळाचा कळस एखाद्या झाडाशी, आणि दोन रेषा जिथे छेदतात तिथे जाळं टाकायचं नाही, कारण तिथे ते फाटतं. जगातल्या कितीतरी बुडालेल्या जहाजांचा पहिला पत्ता म्हणजे फाटलेल्या जाळ्यांची ही अशी आठवण असते.

मराठी माणसाला सर्वांत जास्त माहीत असलेलं बुडालेलं जहाज म्हणजे ‘रामदास’. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही आगबोट मुंबई बंदराबाहेर काशाच्या खडकाजवळ वादळात कलंडली. लाटेपासून वाचायला प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट आणखी झुकली. सहाशेहून अधिक माणसं गेली. पुढच्याच महिन्यात फाळणी झाली. त्यानंतर सिंधी कुटुंबं कराचीहून आगबोटींनी याच मुंबई बंदरात उतरत राहिली. त्यांतल्या हजारोंना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणलं गेलं आणि ऑगस्ट १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. कॅम्प १, कॅम्प २ ही नावं त्या बराकींचीच. वरुणदेवाचा अवतार म्हणून झुलेलालला भजणाऱ्या समाजाने आयुष्यातला सर्वांत मोठा प्रवास बोटीने करावा, हा योगायोग. रामदासच्या प्रवाशांत घराकडे निघालेले चाकरमानी होते, या बोटींतले लोक घर सोडून आले होते, बंदर एकच.

रामदासकडे डायव्हरने पर्यटनाच्या नजरेने पाहू नये असं मला वाटतं, आणि पाहिलं तरी दिसणार काय? मुंबई बंदराचं पाणी गाळाने भरलेलं असतं. उल्हास नदी कल्याणनंतर खाडी होऊन वसईला समुद्राला मिळते. तिच्यासारख्या नद्या आणि खाड्या सगळा किनारा गढूळ ठेवतात. १४ ऑगस्ट २०१३ रोजी ‘आयएनएस सिंधुरक्षक’ ही पाणबुडी मुंबईच्या नौदल गोदीत, धक्क्याला लागलेली असताना, स्फोटांनंतर बुडाली. अठरा नौसैनिक गेले. पाणी इतकं उथळ, की तिचा थोडा भाग वरूनच दिसत होता. तरी आत शिरणाऱ्या पाणबुड्यांना हाताने चाचपडत काम करावं लागलं, कारण डोळ्यांपुढे काहीच दिसत नव्हतं. म्हणून यादीत खोलीच्या शेजारी दृश्यता किती, हा रकाना हवाच. आठ मीटरवरचं न दिसणारं जहाज तीस मीटरवरच्या स्वच्छ पाण्यातल्या जहाजापेक्षा जास्त धोक्याचं.

समुद्रातल्या खोलीला आणखी एक खोड आहे: भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाच्या दिवशी समुद्र साडेचार मीटरच्या वर चढतो, तेव्हा महापालिका इशारे देते. तो आकडाही नकाशाच्या आधार पातळीपासूनचा असतो आणि ती पातळी जवळजवळ सर्वांत नीच ओहोटीची असते. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचे सागरी नकाशे बुडालेल्या जहाजावर कमीत कमी किती पाणी असेल ते सांगतात. कप्तानाला तेवढंच हवं असतं, कारण त्याच्या जहाजाचा तळ घासता कामा नये. डायव्हरला उलटं हवं: जास्तीत जास्त किती खोल जावं लागेल? नकाशावर सहा मीटर असलेलं जहाज भरतीला साडेदहा मीटरवर असतं. एकच जहाज, एकच नकाशा, आणि दोन माणसांच्या सावधगिरीच्या दिशा विरुद्ध.

त्यातही खोली जहाजाच्या कुठल्या भागाची, हे सांगावं लागतं. चांगल्या यादीत तीन आकडे असतात: सर्वांत वरच्या टोकाचा, डेकचा आणि तळाचा. अमेरिकेच्या नौदलाने २००६ साली ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका फ्लोरिडाच्या पेन्साकोलासमोर मुद्दाम बुडवली, डायव्हरांसाठी आणि माशांसाठी. तळ २१२ फुटांवर, विमानं उतरायचा डेक १३५ फुटांवर. दोन वर्षांनी गुस्ताव चक्रीवादळ आलं आणि नौका वाळूत आणखी रुतली. डेक १४५ फुटांवर गेला. हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा १३० फूट, म्हणजे ४० मीटर. आधीच हुकलेला डेक आणखी दूर गेला. इथे पाणी चढलं नाही, जहाजच उतरलं.

असाच प्रयोग सिंधुदुर्गात योजला आहे. ‘आयएनएस गुलदार’ हे किनाऱ्यावर रणगाडे उतरवणारं जहाज १९८५ साली नौदलात आलं आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालं. निवतीच्या खडकांजवळ ते बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं, असा महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा केंद्राच्या निधीतून प्रकल्प आहे. जहाज बुडवण्याआधी त्यातलं तेल, तारा आणि सुटे होऊ शकणारे भाग काढावे लागतात, दारं पक्की उघडी ठेवावी लागतात आणि बाहेरचा उजेड दिसेल अशी भोकं पाडावी लागतात, म्हणजे आत शिरलेला माणूस कोंडला जात नाही. वादळात किंवा टकरीत बुडालेलं जहाज ही तयारी करून बुडत नाही. तिथे आत जाणं हे वेगळं प्रशिक्षण घेतलेल्यांचं काम. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाली सापडली, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या नजरेत ती आठवण म्हणून घरी न्यायची चीज नाही.

तारकर्लीत शिकून तलावात उतरणाऱ्याने दोन गोष्टी बदलायच्या. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा अडीच टक्के हलकं, त्यामुळे ते माणसाला कमी उचलून धरतं. समुद्रात कंबरेला बांधलेल्या शिशातलं दोनेक किलो तलावात काढून ठेवावं लागतं. आणि समुद्रासाठी आखलेलं खोलीमापक गोड्या पाण्यात तिसाव्या मीटरला पाऊणएक मीटर कमी दाखवतं.

दुसरी गोष्ट उंचीची. कोयनेच्या शिवसागर जलाशयाची भरलेली पातळी २,१६३ फूट सहा इंच, म्हणजे ६५९ मीटर. पावसाळ्यात ती वर्तमानपत्रांत रोज छापून येते, पण डायव्हरच्या नजरेने कुणी वाचत नाही. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर गेलं की नेहमीचे तक्ते चालत नाहीत, कारण वर येताना हवेचा दाबच कमी असतो आणि बुडबुड्यांना तेवढंच फावतं. तापोळ्याला खोल डुबकी मारून कुणी लगेच गाडीने महाबळेश्वर चढलं, तर त्याने जलाशयाच्या वर आणखी सहा-सातशे मीटरची भर घातली. डाइव्ह कॉम्प्युटरला हे उंचीचं सांगावं लागतं, किंवा तो स्वतः ओळखणारा घ्यावा लागतो.

कोयनेत हौशी डायव्हर जात नाहीत म्हणून हा मुद्दा पुस्तकी वाटेल. पण मालवण-तारकर्लीहून परतणारी गाडी कोल्हापूर-बेळगावकडे आंबोलीने नाहीतर फोंडा घाटाने चढते, आणि आंबोली ६०० मीटरच्या वर आहे. पाच-सहा मीटरवर प्रशिक्षकाचा हात धरून दहा मिनिटं मासे पाहिले असतील तर चिंतेचं कारण नाही. पुढे निवतीला जहाजाच्या तळापर्यंत जाऊन आलेल्यांनी मात्र, विमानप्रवासाआधी पाळतात तसे, एका डुबकीनंतर निदान बारा तास आणि अनेक डुबक्यांनंतर अठरा तास खालीच काढावेत. मालवणात एक मुक्काम वाढवायला तसंही फारसं कारण लागत नाही. घाट दुसऱ्या दिवशी दुपारी चढला तरी कोल्हापूरला रात्रीच्या जेवणाला पोचता येतं.